ब्लीडमध्ये डबल ई

एका माणसाला मी चार वर्षं त्याच्या आजारी बायकोपासून लांब राहायला लावलं. हातात ना अधिकार होता ना हुकूम. होतं फक्त एक इंग्रजी वाक्य, तेही उसनं. ते मी त्याला चेष्टेनं ऐकवलं, त्यानं ते खरं मानलं, आणि वेळ आली तेव्हा मी तोंड उघडलं नाही. इतकी वर्षं मी याला 'ती गंमत' म्हणत आलो. ती गंमत नव्हती, चूक होती, आणि ती सर्वस्वी माझी होती.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. मी नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून नुकताच लागलो होतो. वय पंचवीस, नोकरी कच्ची, इंग्रजी मात्र पक्कं आहे असा समज. घरी आई 'मले, तुले' बोलायची. ऑफिसात मी 'मला, तुला' बोलत असे आणि संधी मिळेल तिथं इंग्रजी पेरत असे. ते इंग्रजी मी टायपिंगच्या क्लासात उचललं होतं. तिथल्या बाई अँग्लो-इंडियन होत्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या. मशीनची रिबिन फिकट आहे, बोटं दुखतात, बस उशिरा आली, असं कोणी कुरकुरलं की त्या चष्म्यावरून बघत आणि अगदी गोड आवाजात म्हणत, "ओह, माय हार्ट ब्लीड्स फॉर यू." मग एक कोरा कागद पुढे सरकवत. त्या गोडव्याचा अर्थ मला कळायला महिना लागला. माझं काळीज तुमच्यासाठी रक्त गाळतंय, म्हणजे तुमचं रडगाणं पुरे, कामाला लागा. अंगावर न ओरडता समोरच्याला गप्प करता येतं, हे मला फार आवडलं. मी तशी वाक्यं गोळाच करू लागलो. 'पुअर ओल्ड यू.' 'पार्डन मी व्हाइल आय क्राय.' म्हणायचं सहानुभूतीच्या शब्दांत आणि मारायची थप्पड.

ही थप्पड मारायला माणूस मला आमच्याच ऑफिसात सापडला. त्याला सगळे जावकबाबू म्हणत, कारण बाहेर जाणारी सगळी पत्रं त्याच्या रजिस्टरातून जात. वय चाळिशीच्या पुढचं. टेबल दारापाशी, त्यावर गोंदाची बाटली, लाखेची कांडी, तारखेचा शिक्का. कोराडीजवळच्या एका खेड्यातून तो रोज बसनं येई. शर्टाच्या कॉलरीत तिथल्या विद्युत केंद्राच्या राखेची बारीक रेघ असायची. आला की आधी ओल्या फडक्यानं टेबल पुसायचा, मग कॉलर, आणि मग त्याचं सुरू होई.

"काय सांगू गा राजा, आज पहाटेपासून तिचा दम सुरू हाये."

त्याच्या बायकोला दमा होता. मूलबाळ नव्हतं. आठवड्यातून दोनदा तो तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणायचा, तिला रांगेत बसवून ऑफिसात यायचा, जेवणाच्या सुट्टीत तिकडे पळायचा. राख, बस, डॉक्टर, मस्टरवरचा उशिराचा लाल शेरा, सगळं तो रोज त्याच क्रमानं सांगे. माझ्या शेजारचा टायपिस्ट डोळा मिचकावून म्हणे, "चला, अकराच्या बातम्या लागल्या." आम्ही हसायचो. तोही हसायचा, आपण कशावर हसतोय हे त्याला माहीत नसायचं असं नाही. "हासा बे हासा, लगन झालं का समजंल तुमाले," म्हणायचा आणि बातम्या पुढे चालू ठेवायचा.

एका हिवाळ्याच्या सकाळी आम्ही तिघं त्याच्या टेबलापाशी चहा घेत होतो. मी, टायपिस्ट आणि साहेबांचा स्टेनो. जावकबाबू सांगत होता, "रातभर तिची पाठ चोळून राहिलो मी. पाचाले जरासाक डोळा लागला तिचा. मंग मी निंगालो. तरी बस गेली. तरी लाल शेरा. आता सांगा, माणसानं कुठी कुठी पुरावं?"

मी कप खाली ठेवला, मान एका बाजूला कलती केली आणि बाईंच्या सुरात म्हणालो, "ओह भाऊ, माय हार्ट ब्लीड्स फॉर यू."

स्टेनोला ठसका लागला. टायपिस्टनं तोंड फिरवलं.

"काय म्हटलं गा?" जावकबाबू म्हणाला. "मले समजंल असं सांग नं."

"सांग नं आता," टायपिस्ट म्हणाला. "काहून गप्प बसला?"

तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर त्यानं मला एक शिवी हासडली असती आणि विषय तिथेच संपला असता. मराठीत मी त्याला रडतराऊत म्हटलं असतं तरी चाललं असतं. मराठीत टोमणा मारला की समोरच्यालाही काठी मिळते. मी त्याला काठी दिली नाही. मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, "म्हणजे, तुमचं दुःख ऐकून माझ्या काळजातून रक्त येतं."

त्याच्या हातात तारखेचा शिक्का होता. तो त्यानं हळूच पॅडवर ठेवला. 

"बाप्पा," तो म्हणाला. "एवढं तं माह्या सख्ख्या भावानं बी नाही म्हटलं गा मले."

मग त्यानं जावक रजिस्टरच्या मागून एक चिठोरी फाडली आणि माझ्यापुढे धरली. "लिहून दे. मोठ्या अक्षरात. घरी सांगतो तिले." मी लिहून दिलं. इंग्रजी मोठी अक्षरं, शेवटच्या शब्दाखाली माझ्या सवयीची एक लपेटेदार रेघ. त्यानं ती चिठोरी डायरीच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात, देवाच्या फोटोशेजारी सरकवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यापुढे पानात गुंडाळलेले लाखोळीच्या डाळीचे वडे ठेवले. "तिनं पाठवले. म्हणे, ज्याचं काळीज आपल्यासाठी रक्त गाळते त्याले काहीतरी द्याले पाहिजे." टायपिस्ट टेबलाखाली माझ्या पायावर पाय मारत होता. मी वडे खाल्ले. चांगले होते. त्यानंतर दर दहा-पंधरा दिवसांनी काहीतरी येत राहिलं. दम कमी असलेल्या दिवशी ती बाई चुलीपुढे बसे आणि त्यातलं माझ्यासाठी काढून ठेवी. मी ते खात राहिलो. सांगायचं मनात दोन-तीनदा आलं. मग वाटलं, त्याला बरं वाटतंय ना, कशाला मोडा. स्वतःची सोय पाहायची असली की माणूस दयाळू होतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात बदल्यांची यादी आली. जावकबाबूची बदली भिवापूरच्या उपकार्यालयात झाली होती. भिवापूर म्हणजे मिरची. हंगामात तिथं लाल मिरचीचे ढीग वाळत पडतात आणि धडधाकट माणसालाही रस्त्यानं जाताना ठसका लागतो. दम्याच्या बाईला तिथं नेता येणार नव्हतं, आणि तिला मागे ठेवलं तर दवाखान्यात नेणार कोण?

"इकडे राख अन् तिकडे तिखट," तो यादीकडे बघत म्हणाला. "आमच्या नशिबात साफ हवाच नाही गा."

त्यानं बदली रद्द करण्यासाठी अर्ज केला. अर्ज मीच टाइप करून दिला, आणि मनापासून चांगला करून दिला. आमचे साहेब उत्तरेकडचे होते, इंग्रजी शाळेत शिकलेले. मराठी कामापुरती समजायची. माणूस कडक होता, पण वाईट नव्हता. त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यात लाल शाईनं 'चर्चा करावी' असं लिहिलं. ऑफिसच्या भाषेत हे निम्म्या होकारासारखं असतं. जावकबाबूनं त्या दिवशी सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले.

चर्चा व्हायच्या आत साहेबांची आई गेली. ते गावी गेले आणि तेरावं करून परतले. डोक्यावर नुकते उगवू लागलेले केस, चेहरा उतरलेला. ऑफिसतर्फे एक शोकपत्र सगळ्यांच्या सह्यांनिशी दिलं गेलं. जावकबाबूला ते पुरेसं वाटलं नाही.

दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. मी टाइप करत होतो, एक तातडीचं पत्र होतं.

"राजा, एकच विचारतो. ब्लीडमध्ये डबल ई नं?"

माझी बोटं थांबली नाहीत. "कशाला?"

"साहेबाले चिठ्ठी लिहून राहिलो. माय गेली त्याची. मराठी त्याले कच्ची, म्हटलं त्याच्याच बोलीत लिहावं."

मी या जागेवर पुष्कळदा परत गेलो आहे. वाक्य शिकवलं तेव्हा मी थट्टेखोर होतो, पण तेव्हा नुकसान झालेलं नव्हतं. या क्षणी मात्र पुढचं सगळं मला दिसत होतं. ज्याची बदली टेबलावर पडली आहे असा माणूस, आई गेलेल्या साहेबाला, इंग्रजीत, ते वाक्य पाठवतो आहे. दोन मिनिटं पुरली असती. पण ते समजवायचं म्हणजे आधी वड्यांचा हिशेब द्यायला लागला असता. ती बाई माझ्यासाठी का राबते, ते वाक्य देवाच्या फोटोशेजारी का आहे, सगळं उघडं पडलं असतं. मनात आलं, हा काय देतोय चिठ्ठी, दारातूनच परतेल.

"हो," मी म्हणालो. "डबल ई."

तो दारातून परतला नाही.

साहेबांचा आवाज आम्ही तोवर कधी चढलेला ऐकला नव्हता. केबिनचं झुलतं दार नीट बसत नसे, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"मेरी माँ मरी है, और आप ताना मार रहे हैं? तबादले के लिए?"

"नही साहेब, ताना नही..."

"आपको मालूम है आपने क्या लिखा है? किसने सिखाया?"

मी टाइपरायटरवर हात ठेवून बसलो होतो. माझी जागा ते दार, अंतर सहा पावलांचं. टायपिस्टनं माझ्याकडे पाहिलं. स्टेनो केबिनमधूनच फाइल घेऊन बाहेर आला आणि त्यानंही पाहिलं. नोकरीत कायम होण्याचा माझा कागद त्याच महिन्यात त्याच साहेबांच्या सहीला जायचा होता.

"किसीने नही सिखाया साहेब," आतून जावकबाबूचा आवाज आला. "मैंनेच लिखा."

मी जुना कार्बन काढून नवा घातला. तोच कागद पुन्हा चढवला आणि टाइप करू लागलो.

संध्याकाळी अर्ज परत आला. 'चर्चा करावी' वर आडवी रेघ, खाली 'अमान्य'. जावकबाबूनं स्वतःच्याच रजिस्टरात तो परत आल्याची नोंद घेतली आणि माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता हा विचारणार. मी मान वर केली नाही.

"साहेबाले ताना वाटला गा," तो म्हणाला. "दुःखात माणसाले सारंच टोचते. आपलंच चुकलं. चार दिवस थांबाले पाहिजे होतं."

मग थोडं थांबून, मलाच धीर दिल्यासारखं म्हणाला, "तू मनाले लावून घेऊ नको. वाक्य चांगलंच हाये."

तो भिवापूरला एकटा गेला. बायको खेड्यात दिराच्या घरी राहिली. शनिवारी संध्याकाळी तो बसनं यायचा, रविवारी परत. दवाखान्याच्या खेपा आठवड्यातल्या दोनांवरून महिन्यातल्या एकीवर आल्या, कारण दीर शेतकामाचा माणूस, त्याला शहरात यायला जमायचं नाही. हे मला टायपिस्टकडून कळे. त्याची बहीण त्या बाजूलाच दिली होती. एका हिवाळ्यात जावकबाबूची बायको फार आजारी पडल्याचं कळलं. मी विचारलं, "आता कशी आहे?" टायपिस्ट म्हणाला, "तू जाऊन ये नं पाहून." मी गेलो नाही. ती वाचली. एवढं ऐकून मी सुटकेचा श्वास टाकला, जणू त्यासाठी मीही काही केलं होतं.

मी कायम झालो. साहेब बदलून गेले. निघताना त्यांना तरी सांगावं, असं मनात होतं, तेही राहिलं. चार वर्षांनी जावकबाबू नागपुरात परत आला, पण दुसऱ्या कार्यालयात, आणि तिथूनच पुढे निवृत्त झाला. मला त्या इंग्रजी वाक्यांचा कंटाळा आला होता असं मी म्हणत असे. खरं म्हणजे ती तोंडाशी आली की मला तो शिक्का पॅडवर हळूच ठेवणारा हात दिसे.

मग माझी आई गेली.

जावकबाबूला मी कळवलं नव्हतं. टायपिस्टनं कुठंतरी सांगितलं असावं. तेराव्याच्या आदल्या दिवशी पोस्टकार्ड आलं. अक्षर मी लगेच ओळखलं; ऑफिसात रोज त्या अक्षरात जावक क्रमांक पाहिले होते. मराठीत चार ओळी होत्या. माय गेली की माणूस वयानं कितीही असो, उघडा पडतो, स्वतःला जप, असं काहीसं. आणि खाली, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, ते वाक्य.

एक क्षण मी ते साहेबांच्या डोळ्यांनी वाचलं. अंगातून आग गेली. इतक्या वर्षांनी, माझ्या आईच्या मरणावर, यानं माझंच शस्त्र मला परत मारलं? तशी मारली असती तर ती माझ्या लायकीचीच थप्पड होती. मग माझी नजर शेवटच्या शब्दाखाली गेली. तिथं एक लपेटेदार रेघ होती. माझी. मी चिठोरीवर काढली होती तशी, तंतोतंत. तो वाक्य लिहीत नव्हता. जपून ठेवलेली वस्तू मला माझ्या वाईट दिवसात परत देत होता. डबल ई बरोबर होता.

मी ते कार्ड कोणाला दाखवलं नाही. दोन रविवार तसेच गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी मी कोराडीच्या बसमध्ये बसलो. विद्युत केंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या तशी खिडकीची पट्टी राखेनं खरखरीत लागू लागली. वाटेत उतरून परत जावं असं दोनदा वाटलं.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. तिला मी पहिल्यांदाच पाहत होतो. लहानखुरी बाई, बोलताना मध्येच थांबून श्वास घेणारी. तिनं मला ओळखायचं कारण नव्हतं. मी कोण ते सांगितलं तशी ती आत वळून म्हणाली, "अवं बाई! आहो, पाहा कोण आलं. तुमचे रक्तवाले आले."

तो बनियनवर बाहेर आला, चष्मा शोधत. "बस गा, बस. माय गेली तुही. खूप वाईट झालं." त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

चहा झाला. मी कार्ड खिशातून काढून खाटेवर ठेवलं आणि सांगितलं. सगळं, क्रमानं. क्लासमधल्या बाई, त्यांचा गोड आवाज, त्या सकाळचा चहा, आम्ही का हसलो ते. साहेब का संतापले ते. त्यानं डबल ई विचारलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं, हेही.

तो ऐकत होता. मध्ये त्यानं उठून कोनाड्यातून जुनी डायरी आणली, कव्हरातली पिवळी पडलेली चिठोरी काढली आणि कार्डाशेजारी ठेवली. बघत राहिला.

"म्हणजे हे ताना मारासाठीच असते?"

"बहुतेक वेळा. माझ्या तोंडून तरी तेच होतं."

"मंग साहेब बरोबर होता."

"त्यांच्या जागी बरोबर होते."

"अन् मी आणखी किती जणाले लिहिलं गा हे," तो स्वतःशीच म्हणाला. "मास्तरची बायको गेली तवा. सरपंचाचा पोरगा गेला तवा." मग एकदम हसला. "त्यायलेबी इंग्रजी येत नाही म्हणून वाचलो."

त्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती हसली नाही.

"मले तं तवाच वाटलं होतं," ती म्हणाली. तिनं श्वास घेतला. "तुमी भिवापूरले होते. मी इथं पडून होती. म्हटलं, ज्याचं काळीज रक्त गाळते तो एकडाव तं येईन पाहाले." पुन्हा थांबली. "नाही आला."

"जाऊ दे वं," तो म्हणाला.

"जाऊ देल्लंच की. सांगून राहिली फक्त."

मला येताना एक भाषण सुचलं होतं. त्यात 'क्षमायाचना' होती, 'अपराध' होता, बसमध्ये मी ते दोनदा जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता मला घेता येईना. तिच्यासमोर ते पुन्हा परक्याच भाषेतलं वाटलं असतं. मी उठून उभा राहिलो आणि आईच्या बोलीत, जी मी ऑफिसच्या दारात कित्येक वर्षं काढून ठेवत आलो होतो, म्हणालो:

"भाऊ, वहिनी, माहं चुकलं. मी तुमची थट्टा केली अन् तुमचे वडे खाल्ले. सहा पावलं चालून दार उघडाचं होतं, मी भेलो, चाललो नाही. माह्यामुळं तुम्ही दोघं चार वर्षं दूर राहिले, अन् वहिनी, तुम्ही पडल्या होत्या तवा मी आलो नाही. आज आलो. मले माफ करा."